पेव

हरिपूरच्या वाटेला, चिंचा संपल्या की
आमचा बा पेवं उघडायचा.
वरून बघाल तर काही नाही,
थोडं गवत, एखादी शेळी.
खाली वीस फूट अंधार
आणि अंधारात कुणाची तरी हळद,
तीन तीन वर्षं न हललेली.

शिमोन आवळे त्याचं नाव. बाजारात शिमा.
पूर्ण नाव फक्त रविवारी लागायचं, देवळात.

परवा अमोस आला पुण्याहून, भावाचा मुलगा.
जेवता जेवता म्हणाला, आत्या,
तुझं ते शास्त्र हातानं उतरवलेलं.
एकानं उतरवलं, त्याचं दुसऱ्यानं,
दिव्याच्या उजेडात, झोपेला आलेल्या माणसांनी.
मूळ कागद पाहिलाय कुणी?
आणि तू त्याच्यावर अख्खा जन्म टाकून बसलीस.

चिडून नव्हता बोलत. भात कालवत होता.
मी आमटी वाढली.
मला ग्रीक येत नाही. सातवी झालेय,
मिरजेच्या दवाखान्यात चादरी धुण्यात तीस वर्षं गेली.

म्हटलं, पावत्या ठाऊक आहेत का रे तुला?
हळद पेवात आणि पावती बाजारात.
एक दुसऱ्याला विकायचा, दुसरा तिसऱ्याला.
कागद मळायचा, घडीवर फाटायचा,
कुणी नवा लिहून जुन्याला टाचायचा,
एखाद्याचं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग.
दहा जणांनी गादीवर बसून घेतली-दिली,
हळकुंड एकानंही पाहिलं नाही.
मग दहाव्याच्या सांगण्यावरून बा जायचा, कुदळ घेऊन.
माती ओढायचा.
आधी वास यायचा वर.
मग तराजू लागायचा, आणि वजन जुळायचं.
कधी पावतीत शहाचा शाहू झालेला असायचा.
तेवढ्यानं हळद पांढरी नाही पडली.

अमोस हसला. म्हणाला, आणि पुराच्या साली?

विचारणार, ते माहीतच होतं.
त्या साली कृष्णा पेवांत उतरली.
राखलेलं सगळं आंबलं, काळं पडलं,
बा काठावर बसून राहिला नुसता.
आठवडाभर त्यानं पुस्तक उघडलं नाही,
हे मी पाहिलंय. अमोसला तेही सांगितलं.
माझा दाखला तिथं लंगडा झाला. होऊ दे.
पेव शेवटी मातीचं.

पण एक सांगायचं राहिलं.
पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही.
आधी कंदील सोडतात, दोरीला बांधून.
जळत राहिला तर माणूस खाली.
विझला तर थांबायचं, अर्धा दिवस, कधी अख्खा.
एकदा विझला. म्हादू हरुगडे म्हणाला, वारा असेल.
वीस फूट खाली कसला वारा?
त्याला चौघांनी दोरानं वर काढला.
त्याची बायको दुपारची भाकरी घेऊन येत होती.

धाकट्या जावेला कोर्टात ओढायचं ठरवलं होतं मी,
दीड गुंठ्यासाठी. वकिलाला पैसेही दिले होते.
रात्री वाचायला बसले
आणि एका ओळीपाशी कंदील विझला.
ओळ कुणी उतरवली, किती हातांतून आली,
मला नाही सांगता येणार.
पण वारा असेल, असं म्हणाले नाही मी.
थांबले.

पैसे मिळाले का परत? अमोसनं विचारलं.
म्हटलं, वकील आहे तो.

हात धुऊन तो आला
तेव्हा त्याच्याच पुढ्यात ठेवलं पुस्तक,
माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही.
वाचू लागला, मोठ्यानं, अडखळत,
जुनी मराठी त्याच्या तोंडात बसेना.
मध्येच मान वर करून म्हणाला, कुठपर्यंत?
म्हटलं, जा खाली.
दोर मी धरलाय.