वाक्यात उपयोग करा

विगनच्या खाणीच्या तोंडाशी, पहाटे साडेपाचला,
हेप्झिबा ॲशर्स्ट नवऱ्याची जुनी विजार घालून उभी.
गुडघ्यांवर दोन ठिगळं: एक त्याच्या वेळचं, एक तिच्या.
वरून आखूड घागरा, तोही गुंडाळून कमरेला खोचलेला,
डोक्याला फडकं, पायात लाकडी तळांचे बूट.
चाळणीवर कोळसा येऊ लागतो.
त्यातला दगड वेगळा करायचा.
एवढंच काम. दहा तास.

मध्येच कधी फोटोवाला येतो,
हातात फावडं देऊन तिला भिंतीशी उभी करतो.
ती चित्रं शहरात पेनीपेनीला खपतात
आणि चहा पिता पिता कुणीतरी म्हणतं,
"हिच्या घरी विजार कोण घालतं, वेगळं सांगायला नको!"
सगळे हसतात.

अर्थ: घरात शब्द कुणाचा चालतो,
कारभारी कोण.
आपण विचारतो, नाडी कुणाच्या हातात?
म्हणजे पुन्हा विजारच.

शनिवारी ती पगार टेबलावर ओतते.
ईनॉक, छप्पर कोसळलं तेव्हापासून उजवा पाय नसलेला,
खुर्ची पुढे ओढून नाण्यांच्या राशी करतो:
भाडं, पीठ, चॅपल, मर्तिकाचा फंड.
खाकरतो. "हं, हे असं."
ती मान डोलावते.
तो झोपल्यावर चॅपलमधलं एक नाणं पिठात सरकवते.
सकाळी त्याला ते दिसतं.
बारा वर्षांत तो एकदाही बोललेला नाही.

आता सांगा, वाक्य कसं करू?

विजार तर तेव्हा खुंटीवर असते,
शेगडीशेजारी, वाळत,
आत कुणीच नाही.

काल रात्री कझाया, अकरा वर्षांची,
ती काढून अंगाला लावून बघत होती,
कमरेशी धरून, हनुवटी छातीला टेकवून.
"आई, फक्त चार बोटं लांब आहे."

हेप्झिबानं विजार तिच्या हातातून घेतली.
शब्द नाही काढला.
स्टूल ओढलं, हातोडी आणली,
आणि खुंटी उपटून
हातभर वर ठोकली.

"काय चाललंय?" आतून ईनॉक.
"काही नाही. खुंटी."
"बरं," तो म्हणाला.