डावा खांदा

तोआदेर आला तेव्हा बस दोन तास उशिरा होती.
जर्मनीहून तीस तास, पाय सुजलेले,
पिशवीत आईसाठी कॉफी आणि बाबांसाठी सुरी.
पिवळ्या मुठीची, कत्तलखान्यातली,
जिचे पैसे त्याच्याच पगारातून कापले होते.
तसे बुटांचेही कापले. पलंगाचेही,
ज्यावर तो दिवसा झोपायचा
आणि रात्री दुसरा कुणी, त्याची ऊब अजून गेलेली नसताना.

हात पुढे केला त्यानं, मी धरला.
तो मिटत नव्हता.
म्हणजे एका मुठीपुरता मिटतो,
पण चमचा, शर्टाचं बटण, असलं बारीक काही आलं
की बोटं ऐकत नाहीत.
"थंडीनं," तो म्हणाला. "आत बाराही महिने थंडी."
तिथली नर्स मग त्यावर बर्फ लावते.
थंडीनं आखडलेल्या हाताला बर्फ!
आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच.

रात्री भिंतीपलीकडून आवाज यायला लागला.
खस्स. थोडं थांबून, खस्स.
उठून पाहिलं तर गाढ झोपलाय
आणि उजवा हात रजईवर चाललाय,
वरून आत, आतून खाली, झटका.
वरून आत, आतून खाली, झटका.
मी दारात मोजत उभी. नऊ सेकंदांना एक.

सकाळी माझ्या पोरीनं चित्रांचं पुस्तक त्याच्या मांडीवर टाकलं.
गाय कशी करते, मामा? हम्मा.
कोंबडा? केला त्यानं कोंबडा, झकास केला.
डुक्कर?
तो पान धरून बसला.
मामाला येत नाही, ती म्हणाली, आणि पान उलटलं.

वीस डिसेंबर, इग्नातचा दिवस.
आमच्याकडे त्या दिवशी घरचं डुक्कर कापतात.
मार्चपासून आईनं वाढवलेलं, भोपळ्यावर, उकडलेल्या बटाट्यांवर,
आणि बोलण्यावर. ती बोलायची, ते ऐकायचं.
शेजारची आग्रिपिना दरवर्षी बजावते,
ज्याला कीव येते त्यानं अंगणात थांबू नये,
जीव अडकून राहतो.
मी दरवर्षी आत जाते.
तोआदेर थांबला.
जीव चटकन गेला.

मग पेंढ्याचा जाळ, कोळशासारखी कातडी,
घासून घासून पुन्हा पिवळी.
पोरांना पाठीवर बसवलं, कपाळावर मिठाचा क्रॉस ओढला.
बाबा म्हणाले, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं,
आज माझा मुलगा कापणार. तिकडे दिवसाला हजारो कापतो!
आणि नवी सुरी त्याच्या हाती दिली.
हात मिटला. त्या मुठीवर बरोबर मिटला.

वरून आत, आतून खाली, झटका.
डावा खांदा अलगद सुटून आला, इतका स्वच्छ
की म्हातारे बघतच राहिले.
आणि तो थांबला.
सुरी तशीच वर, मान किंचित उजवीकडे,
पट्टा जिकडून येतो तिकडे.

हं, पुढे, बाबा म्हणाले.
मांसातून वाफ निघत होती. कुत्रं दोनदा भुंकलं.
अरे, पुढे.

"पुढचं मला येत नाही," तो म्हणाला.
"पुढचं यांको करतो. त्याच्याकडे मी कधी वळून पाहिलं नाही."

दोन वर्षं. मी नंतर कागदावर हिशेब मांडला,
चुकला, पुन्हा मांडला, मग कागद चुलीत टाकला.
इतके डावे खांदे, आणि अख्खं डुक्कर एकही नाही.

बाबा सुरी घ्यायला गेले, मूठ उघडेना.
आईनं कोमट पाणी आणलं, एकेक बोट सोडवलं,
लहानपणी चोरून धरलेलं काहीतरी काढून घ्यावं
तसं, न रागावता.

संध्याकाळी सगळ्यांनी ताव मारला. त्यानंही खाल्लं.
काटा माझ्या पोरीनं धरला होता.

तीन जानेवारीची बस आहे.
सुरी तो इथंच ठेवून जातोय.
तिकडे नवी देतात, पैसे कापून.