सुट्टीचा अर्ज

सांडूरच्या मासळी-कारखान्यात
वीस मार्चला, सकाळी नऊ चोवीसला
मी पट्टा थांबवला.
वर कळवलं होतं : यंत्राची तपासणी.
खोटं नव्हतं तसं.
यंत्र जरा मोठं होतं, इतकंच.

चौदाजण रबरी बुटांनी धक्क्यावर आलो,
हातमोज्यांना कॉडचे खवले,
कपाळावर सरकवलेले पुठ्ठ्याचे चष्मे.
फेरो बेटांवर आभाळ म्हणजे
शेजाऱ्याचा उधार शब्द,
पाळला तर पाळला.

त्यातही एकदा ढग फाटला.
रान्वाने घाईने चाळणी उचलली, मिठाची,
आणि माशांच्या पांढऱ्या पेटीवर
शंभर छोटे सूर्य उतरले,
सगळे उष्टे,
सगळ्यांचा घास एकाच बाजूने घेतलेला.
कुणी वर बघितलंच नाही.
मग ढग मिटला तो मिटलाच.

होग्नी नवा पोरगा. म्हणाला,
अमावास्या तर दर महिन्याला येते,
मग हे दर महिन्याला का नाही?
आब्सालोन जाळ्याच्या ढिगावर बसला होता.
चंद्राची वाट तिरकी आहे रे, पाच अंश.
बहुतेकदा तो सूर्याच्या वरून जातो
नाहीतर खालून,
जाळ्याखालून मासा निसटावा तसा.
वाटा जिथे एकमेकींना छेदतात
नेमकी तिथे अमावास्या गाठली पाहिजे.
आणि सूर्य चारशेपट मोठा,
पण चारशेपट लांबही,
म्हणून झाकण बरोब्बर बसतं.
आता बसतं. पुढे नाही बसणार.
चंद्र लांब चाललाय,
आपली नखं वाढतात त्याच चालीने.

चोपन्न साली तो सात वर्षांचा होता.
काजळी धरलेली एकच काच, भावंडं पाच.
आईने बजावलेलं : काचेशिवाय वर बघशील तर आंधळा होशील.
काच थोरल्याच्या हातात असताना
खग्रास लागलं,
आणि हा आईच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून उभा,
एप्रनला दुधाचा वास.
तेवढी दोन मिनिटं
नुसत्या डोळ्यांनी बघायची असतात
हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
त्याला ते कळलं चाळिशीत,
दंतवैद्याकडच्या जुन्या मासिकात.

नऊ एकेचाळीस.
ढग होतेच.
पण नैर्ऋत्येला समुद्र आधी शिशासारखा झाला,
मग शाईसारखा,
आणि ती सावली पाण्यावरून आली.
आवाज नाही.
एवढं मोठं काही येतं तेव्हा
कानांना आवाजाची अपेक्षा असते.
कड्यावरचे पक्षी गप्प झाले.
मेंढ्या उतारावर बसल्या.
धक्क्यावरचा दिवा आपला आपण लागला,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
क्षितिजाला सगळीकडून पिवळी कड,
जणू चारी दिशांना एकदमच पहाट,
आणि मधोमध आम्ही, रात्रीत.

आब्सालोनने चष्मा काढला.
तोंड वर करून तो ढगाकडे बघत राहिला,
पापणी न हलवता,
ज्याला बघायची परवानगी आहे त्याच्यासारखा.

दोन मिनिटं.
मग पश्चिमेकडून उजेड शिरला, ओला,
आणि ग्रहण सुटलं म्हणायच्या आत
दिवा विझला.
रान्वा रडत होती,
म्हणाली, वारा आहे.

मी पट्टा सुरू केला. कॉड पुन्हा आले,
उघड्या डोळ्यांचे.

दुपारी आब्सालोन माझ्या टेबलाशी आला.
जूनमध्ये निवृत्त होणार होता,
तरी हातात रजेचा कागद.
तारीख : तीस मे, बावीसशे पंचेचाळीस.
कारण : या बेटांवर पुढचं खग्रास.
मुदत : दोन मिनिटं, थोडी वर.

मी विचारलं, बदली कोण येणार?
म्हणाला, तोवर बघू.

मी सही केली.
खाली शेरा मारला : आभाळ निरभ्र असल्यास.
तो वाचून त्याने पेन मागितलं
आणि तेवढं एक वाक्य खोडलं.