कार्डातलं भोक

चादरीत मोर चुकला की
मास्तर मागवाल्याला बोलत नाही,
आधी कार्डं काढायला लावतो.
एकोणतीस वर्षं मी ही कार्डं पाडतोय
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
एक भोक इकडचं तिकडं झालं
की दर चादरीत तोच मोर,
तसाच, एका पायाचा.

लावण्या बाराची असताना तिला साखर निघाली.
साखर पेठेत राहता ना, असं कुणी तरी हसलं.
मग पाच वर्षं दिवसाला चार सुया.
फ्रिजच्या दारात शेंगाचटणीच्या बाटलीशेजारी इन्सुलिन,
लाइट गेली की ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं.
टॉवेल आमच्याच मागावरचा.

नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी कागद घेतला.
पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
घरात कुणाकुणाला?
मी सांगत गेलो, त्या काळं भरत गेल्या :
माझा बाप मल्लय्या, चाळिशीत अंगठा कापला ;
भूमक्का आत्या, बाळंतपणात निघाली ती राहिलीच ;
मी, अठ्ठाविसाव्या वर्षी, टेन्शनची म्हणून.
"यात जाड कोण?"
कुणीच नाही. आम्ही सगळे ताण्याच्या सुतासारखे.

कागद लांब धरून बघितला.
डिझाइनचा ग्राफ.

रक्त बाहेरगावी गेलं, पावणेदोन महिने आलं नाही काही.
आजाराचं नाव अवघड होतं. मी एवढंच धरलं :
एक अक्षर चुकलंय.
पोरीचं स्वादुपिंड अजून चालतंय, त्याला नुसता धक्का लागतो.
अर्धी गोळी.
सुया त्यांनी एकदम नाही तोडल्या,
रोज फोनवर आकडे घेत उतरवल्या.
शेवटची मंगळवारी.
रुक्कम्मानं नारळ फोडला.
लावण्या म्हणाली, गोळीनंही साखर खाली जाते,
दप्तरात चॉकलेट राहू दे.

रात्री मी हिशोब केला.
सात हजार तीनशे सुया.
तेवढी भोकं मी आठवड्यात पाडतो.

श्रीनिवास नऊचा. त्याचा चौकोन अजून पांढरा.
"नाणं उडवल्यासारखं," बाई म्हणाल्या,
"घाई नको, पण विसरू नका."
रुक्कम्मा म्हणते, परीक्षा होऊ दे.
मी काहीच म्हणत नाही.

काल जेवायच्या आधी लावण्या मशीन घेऊन आली.
"नान्ना, बोट."
"माझं कशाला?"
"शेवटचं कधी बघितलंत?"
आठवेना.
करंगळीशेजारचं बोट धरलं तिनं,
बाकीच्यांना घट्टे पडलेत.
श्रीनिवास भाकरी सोडून बघत होता.
"मला पण," म्हणाला. "अक्का, मला पण कर."