दुबार ठसा

पाणीपट्टीत मी चिकटलो तेव्हा
यंत्र खिडकीपाशी होतं,
शिलाईयंत्राहून मोठं, गिरणीहून लहान,
आवाज मात्र दोन्हींचा.

दर नळाला एक जस्ताची पट्टी,
पट्टीवर उठावाची अक्षरं: नाव, आळी, नळ क्रमांक.
सगळी उलटी.
वाचायचं असेल तर पट्टी पालथी करायची,
मग माणूस खोलगट दिसायचा, पण सरळ.

पट्टी सरकायची, वर शाईची फीत,
वर खतावणीचा कागद, त्यावर दट्टा.
खट्.
तिमाहीला चौदा हजार वेळा खट्,
रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटी,
गंगेच्या दोन्ही काठांची तहान
एकेका ओळीत.

यंत्रावर पुरुषोत्तम तांबट.
घर तांबट आळीत, सात पिढ्या हंड्यांच्या.
चहा आला की म्हणायचे,
"घरचे भांडी ठोकतात, मी माणसं ठोकतो."
खोटं नव्हतं.
कोणी वारलं की वारसाचा अर्ज यायचा,
दाखला, ना-हरकत, पाच रुपयांचं तिकीट;
नव्या पट्ट्यांची मागणी तर वर कुठेतरी अडकलेली.
मग ते जुनीच पट्टी काढायचे,
लोखंडी ठोकळ्यावर ठेवायचे
आणि छोट्या हातोडीने नाव सपाट करायचे.
अकरा ठोके. मी मोजलेत.
अकराव्यानंतर जस्तावरून अंगठा फिरवायचे,
काही लागलं नाही की नव्या नावासाठी
अक्षरचक्र फिरवायला घ्यायचे.

त्यांचे वडील गेले ते आश्विनात.
तेरावं उरकून आले, डोक्यावर टोपी,
स्वतःचा अर्ज स्वतःच आवक केला,
स्वतःच टिपणी लिहिली: "नोंद घेण्यास हरकत नाही."
भोजन-सुट्टी. खोलीत आम्ही दोघंच.
ठोकळ्यावर केरू भागाजी तांबट.

तीन ठोके.
मग हातोडी खणात.
मी डबा उघडून भाकरीकडे बघत राहिलो.

पुढच्या तिमाहीला कागदावर
तांबट हे आडनाव काळंभोर उठलं,
दोन्ही वेळचं बरोबर एकावर एक.
पुढे मात्र घोळ.
पुरुषोत्तमच्या पोटात केरू,
फिकट, पण जायला तयार नाही.

लेखापरीक्षक नगरहून आलेले, चष्म्यावर चष्मा धरून
समासात लाल शाईने लिहिलं:
"दुबार ठसा. खुलासा करावा."
खुलासा मी टंकला, सही त्यांची:
"यंत्र जुने झाले आहे."
प्रकरण मिटलं. वर्षाला चार वेळा
बापलेक एका ओळीत भेटत राहिले,
तेवढाच पाण्याचा दर दोघांत मिळून.

संगणक आले तेव्हा ते निवृत्त होते.
लिलावाच्या यादीवर माझी सही आहे:
यंत्र, नादुरुस्त, एक.
जस्त, दोन क्विंटल दहा किलो.
सगळं गाव त्या दोन क्विंटलांत, पोत्यांत भरून,
द्वारक्याच्या भंगारवाल्याने टेम्पोत टाकलं.
मला वाटलं होतं तांबट येतील, आपली पट्टी मागतील.
आले नाहीत. मीही काढून ठेवली नाही,
हे सांगायला हवं.

खतावण्यांवरून नावं भरायला
कंत्राटावर एक मुलगी होती, सिन्नरची,
रोज सहाशे नोंदी, नोंदीला चाळीस पैसे.
त्या ओळीपाशी ती थांबली असेल का?
बहुतेक नाही.
जे दिसलं ते तिने भरलं.

परवा त्यांच्याकडे गेलो. आळीत आता
चारदोनच दुकानांतून ठोक ऐकू येते.
पुरुषोत्तमराव ओट्यावर, कानाला यंत्र लावलेले.
आत जाऊन पाणीपट्टीचं बिल आणून दाखवलं,
छापील, स्वच्छ, एक अक्षर पुसट नाही:

तांबट केरुषोत्तम.

"दुरुस्तीचा अर्ज लिहून देऊ?" मी विचारलं.
त्यांनी बिल घडी करून खिशात ठेवलं.
"कशाला," म्हणाले,
"भरतोय की तो वेळच्या वेळी."