शेपूट

कॅट्रिओना चौथ्यांदा आली दुकानात,
स्वतःची गिटार घेऊन, ओल्या बुटांनीच.
“राहू देत बूट,” मी म्हटलं,
“स्टेजवर काय अनवाणी असतेस?”

तीन डिले पेडल मांडले तिच्यापुढे.
पहिल्याचा आवाज जुन्या टेपसारखा, जरा डुगडुगता, ऊबदार.
डोळे मिटून ऐकलं तिने, मग म्हणाली,
“घरी ठेवायला छान. पण आमचा फर्गस
तिसऱ्या गाण्यात ड्रमसकट पळत सुटतो, दर वेळी.
पायाने ठोकून गाठता आलं पाहिजे त्याला.”

दुसऱ्यात सगळंच होतं. शंभर सेटिंग, इवलासा पडदा.
तिने मला दुकानातला दिवा घालवायला लावला.
अंधारात बुटाचं टोक चाचपडलं
आणि भलतंच बटण दाबलं गेलं.

तिसरं करडं, कोपऱ्यात पोचा आलेलं.
एक स्वर छेडून तिने पाय दाबला,
पेडल बंद,
तरी स्वराची शेपूट विरत गेली सावकाश.
मध्येच कुणी दार आपटलं नाही.

मग खाली बसून एकच खुंटी फिरवत राहिली.
अर्धा सेकंद. त्याहून केसभर जास्त.
“बाबा समुद्रातल्या रिगवरून फोन करायचे.
हॅलो म्हटलं की एवढं थांबायचं.
नाहीतर शब्दांवर शब्द पडायचे.”

ॲबर्डीनचा पाऊस काचेवर आडवा येत होता.
पोच्यापायी मी दहा पौंड कमी केले.
घासाघीस नाही; एवढंच विचारलं,
अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो का.

लागतो. नेहमीच लागतो.