अनुक्रमांक एकशे एक्केचाळीस

माझं अक्षर वळणदार, म्हणून निवेदन माझ्याकडे आलं.
बाकी मला बंदूक नाही, बागायत नाही,
कदंब बसमधली एकोणतीस वर्षं
आणि तिकिटं फाडून दुखणारा अंगठा,
एवढीच मिळकत.

'महोदय' इथपर्यंत सोपं होतं.
मग खेमलो झर्मेकर सांगत गेला, मी लिहीत गेलो:
पीक संरक्षणाचे परवाने बंद करणारं कलम मागे घ्यावं.
निवडणूक लागली की आमच्या बंदुका
वाळपईच्या ठाण्यात उभ्या, गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला.
पंचायतीची सरली, जिल्ह्याची आली,
मग विधानसभा, मग दिल्ली.
परत मिळते तेव्हा नळीत कुंभारमाशीचं घर.
रानडुकरांना, महोदय, आचारसंहिता लागू नाही.

हे शेवटचं वाक्य वकिलांनी खोडलं.
मी पक्क्या प्रतीत पुन्हा घातलं.

काजूचे दिवस. वाटेवर बोंडांचा आंबूस वास.
कायतान डिमेलोने सही केली आणि हुर्राक पुढे केली.
यसोच्या सुनेने शाई लावलेला पॅड परत सारला,
नाव लिहिलं अख्खं, माहेरच्या आडनावासकट.
तिच्या पोराने विचारलं,
सहीने डुक्कर मरतं?
कोणी हसलं नाही. सगळ्यांना तेच विचारायचं होतं.

शाणी माजीकच्या कुंपणाशी धाकू थांबला.
म्हणाला, तुम्ही या जाऊन. चपलेत खडा गेलाय.
आठ वर्षं त्याच्या चपलेत तो खडा आहे.
पोफळींखाली काहीतरी हललं होतं त्या रात्री.
विठू माजीक पाणी फिरवायला गेला होता,
हातात कुदळ, बॅटरीतले सेल संपलेले.

शाणीने तिन्ही पानं वाचली. सावकाश.
चष्मा काढला, पदराने पुसला, दुसरं पान परत वाचलं.
'कणगां माझीही उकरली परवा. अख्खा वाफा.'
मी पेनाचं टोपण काढून दिलं.
'यात बॅटरीचं कुठे आहे?'
कसली बॅटरी?
'घोडा ओढायच्या आधी मारायची. आणि हाक.
वाड्यावरच्या दहा माणसांची नावं घेऊन हाक.
डुक्कर असेल तर ओ देणार नाही.'

एकशे एक्केचाळीसवर तिने पेन टेकवलं,
एक निळा ठिपका झाला.
'ते लिहून आणा,' म्हणाली, 'मग पुढची अक्षरं घालते.'

वकील म्हणाले, मागणी सैल पडेल.
आपण हक्क मागतोय, अटी कशाला सुचवायच्या?
खेमलो काही बोलला नाही. धाकूने नखं बघितली.
आणि मी? मी वळणदार अक्षरात
एकशे बेचाळीसपासून पुढे नावं उतरवली.

आमदारांच्या ओसरीवर दोन तास, एक चहा.
स्वीय सचिवाने मागणी नाही वाचली, आकडा वाचला.
'दोनशे बारा. सगळे आपल्याच मतदारसंघातले?'
मग आत गेलो. मग फोटो.
पर्वरीला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही सत्तावीस जण,
कंडक्टर पोरगा मला ओळखत नव्हता, पैसे घेतले त्याने.
खिडकीवरच्या कारकुनाने शिक्का मारला,
आवक क्रमांक घातला,
बोट ठिपक्यावर थांबलं.
'इथे पेन चाललं नाही का?'

चाललं नाही, मी म्हणालो.

कलम सध्या समितीकडे आहे.
परवाने आहेत तसे, तूर्तास.
रात्री कधी रानाच्या बाजूने बार होतो
आणि वाड्यावरच्या बायका अंधारात हात पसरून
शेजारचं अंथरूण चाचपतात.
मीही उठतो. कच्ची वही काढतो,
बॅटरीचं कलम लिहायला घेतो.
भाषा सरकारी करताना
प्रत्येक वेळी त्यातली हाक गळते.